आपत्काळीचे धैर्य आणि नित्य स्मरण

विषयप्रवेश

साधकाचे धैर्य आपत्काळी प्रकट होते. परंतु ते आपत्काळी उत्पन्न होत नाही. या दोहोंतील भेद लक्षात न आल्यामुळे पुष्कळ वासनिकांची, आणि प्रसंगी अनुसरलेल्या साधकांचीही, फसगत होते. सुखाच्या दिवसांत ज्याची काहीच तजवीज केली नाही, ती वस्तू दुःखाच्या दिवशी आपोआप हाती येईल, असे ते धरून चालतात. ती आली नाही म्हणजे कोणी आपली श्रद्धाच खोटी ठरवितो, कोणी परमेश्वरालाच निष्ठुर म्हणतो. दोन्ही निष्कर्ष चुकीचे आहेत.

धैर्य म्हणजे काय, ते कशाने घडते, आणि संकटात सापडलेल्या धर्मबंधूशी इतरांनी कसे वागावे, असे तीन प्रश्न येथे विचारात घ्यावयाचे आहेत. त्यासाठी प्रथम आचारशास्त्राचा एक विभाग, मग कोकणातील एका गावाचा दृष्टांत, आणि शेवटी पंथाच्या इतिहासातील एक प्रसंग, असा क्रम ठेविला आहे.

असन्निधान आणि आपत्काळ

परमेश्वराचे सन्निधान असते तेव्हा साधकाचा आचार दास्याचा असतो. असन्निधानी तो स्मरणाचा असतो. हा विभाग सर्वांच्या परिचयाचा आहे. परंतु त्यातून निघणारा एक अर्थ सहसा बोलला जात नाही. सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींनी उत्तरापंथे गमन केले, तेव्हापासून आजतागायतचा पंथाचा सारा काळ हा असन्निधानाचा काळ आहे. म्हणजे ज्या आचारावर पंथ सात शतकांहून अधिक काळ उभा आहे, तो आचार मुळातच वियोगात जगण्यासाठी सांगितलेला आहे. अटन, भिक्षा, विजन, नाम-रूप-लीला-चेष्टांचे स्मरण, ही सारी साधने जो प्रत्यक्ष सन्निधानास अंतरला आहे, त्याने आपले दिवस कसे घालवावेत, हे शिकविणारी आहेत.

संसारी मनुष्यावर येणारी आपत्ती त्या मोठ्या वियोगापुढे लहान असते. पुत्राचा मृत्यू, व्यापारातील बुडीत, दीर्घ आजार, घरादाराची हानी, यांतील कोणतीही आपत्ती घ्या. तिची जात तीच आहे. काल जे होते ते आज नाही, आणि जे नाही त्यावाचून उद्याचा दिवस काढावयाचा आहे. भरल्या गाडीचे ओझे पेलणारा पूल पायी चालणाऱ्याच्या भाराने मोडत नाही. जो आचार मोठ्या वियोगात सांभाळतो, तो लहान वियोगातही सांभाळील. मात्र तो आचार अंगवळणी पडलेला असला पाहिजे.

पहिली शंका : ज्ञात्याने शोक करावा काय?

येथे अशी शंका उद्भवते की, ज्याने प्रपंचाचे अनित्यत्व जाणले आहे, त्याला दुःख होण्याचे कारणच काय? दुःख झाले, तर त्याचे ज्ञान उणे पडले असे म्हणावयास नको काय?

या शंकेचे समाधान आद्याचार्य श्रीनागदेवाचार्यांच्या चरित्रात आहे. स्वामींच्या वियोगाने आचार्य व्याकुळ झाले होते, हे ‘स्मृतिस्थळा’च्या वाचकांस ठाऊक आहे. पंथात त्या शोकाला कोणी अज्ञान म्हटलेले नाही. उलट ज्याला वियोगाचे दुःखच झाले नाही, त्याला प्रेम तरी होते काय, असा प्रश्न विचारणे अधिक युक्त ठरेल. महत्त्वाची गोष्ट पुढची आहे. स्वामींनी श्रीगोविंदप्रभूंकडे ऋद्धिपुरी जाण्याची आज्ञा केली होती. आचार्य तेथे गेले आणि श्रीप्रभूंच्या सेवेत राहिले. आधी दुःख शमावे आणि मग आज्ञा पाळावी, असा क्रम त्यांनी ठेविला नाही. आज्ञा पाळता पाळता दुःख सोसण्याजोगे झाले. पुढे श्रीप्रभूंचाही वियोग झाला, आणि दुसऱ्यांदा निराधार झालेल्या त्या समुदायास आचार्यांनीच धरून ठेविले.

यावरून धैर्याचे लक्षण असे करता येते : दुःख अंतरी असतानाही विधीचा त्याग न होणे, हे धैर्य. डोळ्यांत अश्रू असणे हा धैर्याचा भंग नव्हे. अश्रूंचे निमित्त करून स्मरण, अहिंसा आणि परोपकार सोडून देणे, हा मात्र धैर्याचा भंग आहे. हे लक्षण ध्यानात ठेविल्यास शोकाकुल माणसाला ‘रडू नकोस’ असे सांगण्याची घाई कोणी करणार नाही.

दृष्टांत : खाडीकाठचे गाव

स्वामींनी तत्त्व सांगताना नित्याच्या व्यवहारातील दृष्टांत घेतले. हत्ती चाचपणाऱ्या आंधळ्यांचा दृष्टांत सर्वश्रुत आहे. त्या रीतीस अनुसरून एका गावाचे उदाहरण घेऊ. ते ‘दृष्टांतपाठा’तील नव्हे, केवळ विषय समजण्यापुरते आहे.

सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या उत्तर सीमेवर, कणकवली तालुक्यात, मुंबई–गोवा महामार्गावर खारेपाटण हे गाव आहे. गावाजवळून शुकनदी वाहते आणि तिचे पाणी पुढे वाघोटणच्या खाडीने विजयदुर्गापाशी समुद्रास मिळते. ‘पाटण’ म्हणजे पत्तन, अर्थात बंदर. समुद्रापासून इतक्या आत असूनही एके काळी येथवर गलबते येत. याच गावी शिलाहार राजा रट्टराज याचा शके ९३० (इ. स. १००८) चा ताम्रपट सापडला, बाळशास्त्री जांभेकरांनी एकोणिसाव्या शतकात त्याचे वाचन प्रसिद्ध केले. शके १०१६ (इ. स. १०९४) चा अनंतदेव शिलाहाराचा ताम्रपटही येथलाच, त्यात व्यापारी नौकांवरील जकातीच्या माफीचा विषय आहे. रट्टराजाच्या ताम्रपटात त्याच्या कुळाची पिढ्यान्‌पिढ्यांची नावे कोरलेली आहेत. त्या कुळाचे राज्य त्यानंतर फार काळ टिकले नाही. पुढे खाडी गाळाने उथळ होत गेली आणि बंदराचेही महत्त्व ओसरले. राज्य गेले, गलबते गेली. तांब्यात खोल कोरलेले तेवढे राहिले.

गाव मात्र आहे. दर पावसाळ्यात त्याची परीक्षा होते. सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत कोसळतो. वरून नदीला लोंढा आलेला असताना खालून खाडीला भरती असली, म्हणजे पाण्याला उतरावयास वाट राहत नाही, आणि ते काठावरच्या बाजारपेठेत शिरते. असे प्रसंग खारेपाटणात वारंवार येतात. कोकणातील इतर खाडीकाठच्या गावांचीही हीच कथा आहे, दि. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण शहर बुडाले, ती आठवण अजून ताजी आहे.

अशा नदीकाठी राहणारा शहाणा दुकानदार काय करतो? पाणी येऊच नये, हे त्याच्या हाती नाही, हे तो जाणतो. म्हणून तो चार गोष्टी सांभाळतो. घर बांधतानाच तो जोते उंच घेतो. आत पोटमाळा करून ठेवितो आणि आषाढाच्या आधीच मोलाचा माल वर चढवितो. नदीच्या वरच्या अंगाला राहणाऱ्यांशी आणि आपल्या शेजाऱ्यांशी तो संबंध राखतो. कारण रात्री पाणी चढू लागले तर हाक तेच मारणार. आणि पाणी ओसरताच तो गाळ उपसावयास लागतो. ओला गाळ फावड्याने निघतो; तोच वाळला म्हणजे दगडासारखा होतो आणि त्यासाठी पहार लागते.

दार्ष्टांतिक

दृष्टांतातील उंच जोते म्हणजे पदार्थविवेक. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर यांचे स्वरूप ज्याने एकदा नीट समजून घेतले, तो कार्यप्रपंचास नित्य मानण्याची चूक करीत नाही. घर, धन, देह, कीर्ती ही कार्यप्रपंचातील आहेत. ती येणार आणि जाणार. हा विवेक पूर आल्यावर करावयाचा नसतो. बुडत्या घराचे जोते कोणी त्या रात्री उंच करू शकत नाही.

पोटमाळा म्हणजे नित्य स्मरण. मोलाची वस्तू अशा उंचीवर ठेवावयाची की जेथे पाणी पोहोचत नाही. पोथी भिजते, चोरीस जाते, जळते; पाठ झालेली लीला तशी जात नाही. चार घरांत, चार कंठांत असेल तर मुळीच जात नाही. तांब्यावरील अक्षरे हजार वर्षे टिकली, कारण ती खोल कोरली होती. स्मरणही रोज त्याच रेघेवरून फिरल्यानेच खोल कोरले जाते.

शेजार म्हणजे सत्संग. एकट्या साधकाचे धैर्य एकट्या काठीसारखे असते. ज्याला संकटात हाक मारता येईल असा एक तरी धर्मबंधू नाही, त्याने सुखाच्या दिवसांतच तो जोडावा.

गाळ म्हणजे विकल्प. आपत्ती ओसरल्यावर मनात काही मागे राहतेच : राग, संशय, स्वतःविषयीची घृणा, दुसऱ्याविषयीचा द्वेष. ते ओले असताना बोलून, रडून, आचार्यांपुढे अथवा मित्रापुढे मोकळे करून काढून टाकावे. लाजेखातर झाकून ठेविले तर ते आत वाळते, आणि पुढे मनुष्याच्या स्वभावाचाच भाग बनते. पुष्कळ वर्षांनी ‘हा मनुष्य पूर्वी असा नव्हता’ असे ज्याच्याविषयी लोक म्हणतात, त्याच्या घरातला गाळ वेळीच उपसला गेला नव्हता, असे समजावे.

इतिहास : हरवलेली पोथी

पंथावर ही परीक्षा एकदा संपूर्णपणे येऊन गेली आहे. म्हाइंभटांनी स्वामींच्या लीला ज्या कष्टाने गोळा केल्या, ते सर्वांस ठाऊक आहे. आचार्यांच्या मुखातून त्या ऐकाव्या, ज्यांनी प्रत्यक्ष पाहिले त्यांच्याकडे जाऊन त्या पडताळाव्या, आणि मग लिहाव्या, असा त्यांचा क्रम होता. ‘लीळाचरित्र’ असे सिद्ध झाले.

पुढे महाराष्ट्रावर मोठे संकट आले. इ. स. १२९६ मध्ये अलाउद्दीन खलजीची देवगिरीवर पहिली स्वारी झाली. त्यानंतर स्वाऱ्यांचे सत्र सुरू झाले आणि सुमारे दोन दशकांत यादवांचे राज्य लयास गेले. या धामधुमीत, जिला पंथात ‘खालशाची धाड’ म्हणतात, महंतांस आणि भिक्षूंस आपापली स्थाने सोडून जावे लागले. काही मंडळींनी कोकणाची वाट धरल्याचे कथन परंपरेत आहे. याच काळात लीळाचरित्राची मूळ प्रत नाहीशी झाली.

त्या वेळच्या साधकांची अवस्था क्षणभर मनापुढे आणावी. स्वामी नाहीत, श्रीप्रभू नाहीत, ज्यांच्या मुखातून लीला ऐकल्या तेही एकेक करून जात आहेत, आणि ज्या ग्रंथात सारे साठविले होते तोही हातचा गेला. असन्निधानाच्या काळातले हे दुसरे असन्निधान होते. पंथ तेथेच संपला असता तरी इतिहासाला त्याचे आश्चर्य वाटले नसते.

तो संपला नाही, याचे कारण हिराइसांसारख्या व्यक्तींना लीला मुखोद्गत होत्या. त्यांच्या पाठावरून, आणि इतर ज्येष्ठांच्या स्मरणातून, ग्रंथ पुन्हा उभा करण्यात आला. हिराइसांचा पाठ, पिढीपाठ, रामेश्वरबासांचा पाठ ही नावे त्या परिश्रमांची साक्ष आहेत. हिराइसांनी पाठांतर केले ते पोथी हरवणार आहे हे जाणून केले नव्हते. त्यांनी ते स्मरणाच्या प्रीतीने, विधी म्हणून, रोजच्या रोज केले. संकट आले तेव्हा नवे काही मिळवावे लागले नाही. जे होते ते बाहेर काढावे लागले. ‘धैर्य आपत्काळी प्रकट होते, उत्पन्न होत नाही’ या प्रारंभीच्या विधानाचा हा ऐतिहासिक पुरावा होय.

या प्रसंगातील आणखी दोन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. पहिली : गेलेली मूळ प्रत परत मिळाली नाही. स्मरणाच्या बळाने गेलेली वस्तू जशीच्या तशी परत येते, अशी आशा कोणी कोणास लावू नये. मृत पुत्र परत येत नाही, बुडालेली दुकाने पूर्ववत होत नाहीत. जे पुन्हा उभे राहते ते निराळे असते. पण ते जगण्यास पुरेसे असते, आणि पुढील पिढ्यांना तेच मूळ वाटते. दुसरी : ग्रंथ पुन्हा जुळविताना जेथे स्मरणांत भेद पडला, तेथे तो भेद झाकला गेला नाही. ज्याची जी ‘वासना’, ती त्याच्या नावाने नोंदविली गेली. इतक्या घाईच्या, भयाच्या काळातही सत्याशी तडजोड केली नाही. संकटात मनुष्य प्रथम सत्य सोडतो. कर्ज लपवितो, आजार लपवितो, घरच्यांशी खोटे बोलतो. पूर्वजांनी भेद उघडे ठेविले आणि त्यामुळेच त्यांचे काम विश्वासास पात्र झाले.

दुसरी शंका : हे त्याच्या कर्माचे फळ नव्हे काय?

संकटग्रस्त मनुष्यापाशी येऊन ‘तुझ्या पूर्वकर्माचे हे फळ’ असे म्हणणारे धर्मिष्ठ लोक थोडे नाहीत. कर्मरहाटी पंथास मान्य आहे. मग हे म्हणण्यात गैर काय, अशी शंका कोणी घेईल.

समाधान असे की, कर्मविचार हा साधकाने स्वतःविषयी करावयाचा आहे, दुसऱ्याविषयी निवाडा देण्यासाठी तो सांगितलेला नाही. कोणत्या जीवाचे कोणते कर्म कोणत्या वेळी कोणत्या रूपाने फळास आले, हे जाणण्याचे सामर्थ्य जीवाच्या ठिकाणी नाही. एकाच रात्री एकाच बाजारपेठेत पाणी शिरते. सज्जनाचे दुकान बुडते आणि दुर्जनाचेही बुडते. त्या पाण्यावरून कोणी कोणाचे कर्म मोजू म्हणेल, तर तो अज्ञानास ज्ञानाचा वेष देत आहे. शिवाय आधीच घायाळ असलेल्या मनावर शब्दाने केलेला असा आघात हा हिंसेचाच प्रकार आहे, आणि हिंसा तर सर्वथा निषिद्ध आहे.

येथे सशाची लीला स्मरावी. पारध्यांच्या कुत्र्यांनी पिटाळलेला ससा स्वामींच्या आश्रयास आला. स्वामींनी त्याला जानूखाली घेतले. पारधी आले, त्यांनी ससा मागितला. शरण आलेल्यास देता येत नाही, हे स्वामींनी त्यांस समजाविले. ससा कोणत्या कर्माने संकटात सापडला, याची चर्चा तेथे झाली नाही. त्याला प्रथम आसरा मिळाला, आणि निरूपण झाले ते पारध्यांना. धर्मबंधूच्या संकटात हाच क्रम ठेवावा : आधी आसरा, उपदेश त्यानंतर, आणि तोही त्याने मागितला तरच.

तिसरी शंका : संकटात अन्य देवतेस नवस केला तर काय बिघडले?

हा प्रश्न वासनिकांस खरोखर छळतो. घरात मूल आजारी असते, घरची वडील मंडळी आणि शेजारी नवस बोलण्याचा आग्रह धरतात. कोणी गाऱ्हाणे घालावयास सांगतो, कोणी बळी द्यावयास सांगतो. नकार दिला आणि मुलाचे बरेवाईट झाले, तर आयुष्यभराचा बोल पदरी येतो. या वेळी अनन्यता टिकविणे हे सोपे नाही, हे आधी मान्य केले पाहिजे.

परंतु विचार करावा. देवता कर्मानुरूप फळ देणाऱ्या आहेत. मोक्ष देण्याचा अधिकार त्यांना नाही, आणि त्या स्वतः नित्यबद्ध आहेत. भयाच्या क्षणी घेतलेल्या नवसाने भय जात नाही. उलट एका भयाचे अनेक धनी होतात. आज हा नवस फेडला की नाही, उद्या तो देव रागावला की काय, अशी नवी चिंता जन्मते. बळीच्या नवसात तर आपल्या जीवाचे भय एका मुक्या जीवावर ढकलले जाते. अनन्यतेने मनुष्य या साऱ्या धावपळीतून सुटतो आणि त्याचे बळ एका ठिकाणी राहते.

यात एक पथ्य मात्र अवश्य पाळावे. अनन्यता म्हणजे औषध नाकारणे नव्हे. वैद्याचा उपचार हा प्रपंचातील उपाय आहे. देहाच्या रोगाला तो योजण्यात अनन्यतेचा भंग होत नाही. तसेच आग्रह करणाऱ्या वडीलधाऱ्यांशी वाद घालून घरातील दुःखात कलहाची भर घालू नये. मुलाच्या उशाशी रात्रभर जागावे, औषध वेळेवर द्यावे, नाम घ्यावे. असे वागणे पाहून बहुतेक घरांतील आग्रह आपोआप मावळतो.

धैर्याचा नित्यक्रम

आता प्रश्न उरला तो आचाराचा. ज्याच्यावर आज संकट नाही, त्याने काय करावे?

प्रथम, नामस्मरणाची एक वेळ निश्चित करावी आणि ती मोडू नये. वेळ थोडी असली तरी चालेल. पाव घटका रोज ही महिन्यातून एकदा केलेल्या दिवसभराच्या पारायणाहून अधिक बळ देते. संकटाच्या दिवशी मन काहीच ठरवू शकत नाही. त्या दिवशी केवळ सवय चालते.

दुसरे, दर महिन्यास एक लीला मुखोद्गत करावी आणि घरातील मुलांना ती सांगावी. वर्षाला बारा लीला झाल्या, दहा वर्षांत एकशे वीस. आज छापील ग्रंथ सर्वत्र मिळतात, दूरध्वनीच्या यंत्रातही ते साठविता येतात, म्हणून पाठांतराची गरज संपली, असे कोणी म्हणेल. रुग्णालयाच्या खाटेवर, मध्यरात्री, डोळे मिटलेले असताना उपयोगी पडते ते कंठात असलेलेच.

तिसरे, विजनाचा अभ्यास थोडा तरी करावा. गृहस्थाला भिक्षूसारखे विजन साधणार नाही. पण आठवड्यातून एकदा, काही न करता, कोणाशी न बोलता, एका जागी बसण्याचा सराव त्याला करता येतो. जो सुखात एकटा बसू शकत नाही, त्याला दुःखातले एकटेपण गिळून टाकते.

चौथे, आपल्या गावात वा आश्रमाच्या परिवारात कोण अडचणीत आहे, याची विचारपूस ठेवावी. दुसऱ्याच्या घरचा गाळ उपसणाऱ्याला स्वतःच्या घरचा गाळ उपसण्याची कला आपोआप येते.

या चौथ्या गोष्टीचे गांभीर्य आजच्या काळात फार आहे. ज्या अमरावती जिल्ह्यात ऋद्धिपूर हे महास्थान आहे, त्याच जिल्ह्यात आणि सभोवतालच्या वऱ्हाडात गेल्या काही दशकांत कर्जाने आणि नापिकीने खचलेल्या अनेक शेतकऱ्यांनी आपले जीवन संपविले. त्यांच्या घराशेजारी नामस्मरण करणारी घरे नव्हती असे म्हणता येणार नाही. अहिंसेच्या व्रतात स्वतःचा देहही येतो, हे सांगणे आवश्यक आहे. पण ते खचलेल्या माणसाला बजावून सांगण्यापेक्षा, त्याला एकटे न सोडणे हे अधिक आवश्यक आहे. ज्याच्या बोलण्यातून जगण्याचा कंटाळा वारंवार व्यक्त होतो, जो अन्नपाणी टाकतो, निरवानिरवीची भाषा करतो, त्याच्याजवळ कोणीतरी रात्रंदिवस असावे, विषारी औषधे त्याच्या हाताशी ठेवू नयेत, आणि त्याला मनोविकारांच्या वैद्याकडे न्यावे. शासनाची ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनीसेवा २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे. तिचा उपयोग करण्यात संकोच मानू नये. पंथातील महंतांनी आणि तपस्विनींनी निरूपणाच्या शेवटी अशा घरांची चौकशी करण्याचा प्रघात ठेविला, तर ते निरूपणाचेच अंग ठरेल.

उपसंहार

तात्पर्य असे की, धैर्य ही काही विरळ्या वीरांची ठेव नव्हे. ते रोजच्या लहान विधींनी साठत जाणारे द्रव्य आहे. विवेकाने त्याचे जोते बांधले जाते, स्मरणाने मोलाची वस्तू उंचावर राहते, सत्संगाने वेळेवर हाक येते, आणि मोकळेपणाने मागचा गाळ निघतो. यांपैकी एकही गोष्ट संकटाच्या रात्री नव्याने करता येत नाही, आणि एकही गोष्ट अशी नाही की जी सामान्य वासनिकाला आजपासून आरंभिता येणार नाही.

मूळ पोथी गेल्यावर जे उरले ते साधकांच्या स्मरणात होते, आणि त्यातूनच आज प्रत्येक आश्रमात वाचली जाणारी पोथी झाली. ज्याला आज वेळ आहे, त्याने आज संध्याकाळी एक लीला पाठ करण्यास बसावे. ज्याच्यावर आज संकट आहे, त्याने ती कोणाकडून तरी ऐकावी. आणि ज्याला ती येते, त्याने संकटात सापडलेल्याच्या घरी जावे, आधी त्याच्यापाशी मुकाट बसावे, आणि त्याने म्हटले तरच ती सांगावी.

दंडवत प्रणाम.